भिंतीपुढचे सहाजण

मेक्सिको शहर,
४ फेब्रुवारी १८६८

प्रिय आत्या,

तुझ्या दोन्ही हातांना ओठ लावून लिहायला बसलोय. दोन वर्षांत पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी बातमी ऐक.

आमच्या शिळाछापखान्यातून ‘ला अतालाया’ नावाचं साप्ताहिक निघतं. संपादक डॉन अन्सेल्मो यांनी परक्यांनी आणून बसवलेल्या बादशहाविरुद्धच्या लढाईतल्या हुतात्म्यांची मोठी चित्रं काढायची ठरवली आहेत. गावोगावच्या कचेऱ्यांत आणि शाळांत ती लागणार. पहिलं चित्र कुठलं, विचार. आपल्या सान हेरोनिमोचं. आपले पाच शिपाई भिंतीपुढे उभे करून मारले ते. आणि ते शिळेवर काढायचं काम मला मिळालंय, आत्या. तेओफिलोचा मामेभाऊ म्हणून नाही, माझा हात बघून. तो माझा कोण हे मी नंतर सांगितलं, तेव्हा डॉन अन्सेल्मो उठून उभे राहिले आणि मला मिठी मारली.

सोबत कच्चं रेखाटन धाडतोय. पाचही जण गुडघ्यावर, डोळ्यांना पट्ट्या. मधे कॅप्टन लिब्रादो सेंदेखास, हात आभाळाकडे. तेओफिलो त्यांच्या उजवीकडे, छातीवर हात. मागे देवळाची भिंत आणि रडणाऱ्या बाया. मी तिथे नव्हतो, आणि तू होतीस. काय चुकलंय ते कळव. तेओफिलोचा चेहरा मला पाठ आहे, पण लढाईत दाढी वाढवली होती का त्याने?

आपल्या घराचं नाव देशभर जाणार. तुला अभिमान वाटेल असं काढीन.

तुझा भाचा,
नाबोर


सान हेरोनिमो देल मोंते,
२६ फेब्रुवारी

नाबोर, मुला,

तुला आशीर्वाद. पत्र मिळालं, चित्रही मिळालं. दोन वर्षांपूर्वी तू बादशहाच्या मेजवान्यांची आमंत्रणं छापत होतास, आता हुतात्मे छापतोस. हात तोच असेल तर बरं. चिडू नकोस, पोटासाठी माणूस काय काय छापतो. मीही तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांना मेणबत्त्या विकल्याच की.

आता चित्राचं ऐक. हे आमचे लोक नाहीत. ही देवळातली चित्रं बघून काढलेली माणसं आहेत.

गुडघ्यावर कोणी बसलं नाही. पट्ट्या आणल्या होत्या, त्या कोणी बांधून घेतल्या नाहीत. भिंत देवळाची नव्हती, धान्याच्या कोठाराची होती, तीच, जिथे तू लहानपणी कोळसा घेऊन गाढवं काढायचास आणि मार खायचास. बाया रडत नव्हत्या. आदल्या संध्याकाळी आम्ही ठरवलं होतं, त्यांच्यापुढे रडायचं नाही. मी ओठ चावला तो आठवडाभर सुजला होता.

लिब्रादोने हात आभाळाकडे केला नाही. त्याने कंगवा मागितला. केस विंचरले, कंगवा पुसून परत दिला आणि “उपकार झाले” म्हणाला. अधिकाऱ्याने शेवटचं विचारलं, “बादशहा चिरायू होवो म्हणा आणि घरी जा.” लिब्रादो म्हणाला, “आम्ही घरीच आहोत. जायचंय तुम्हाला.” आपल्यांतला एक हुद्द्याने नायक होता, तो म्हणाला, “साहेब, ऊन डोळ्यांवर येतंय, ती भिंत जरा फिरवून घ्या.” असे होते ते. असे काढ.

तेओफिलोला दाढी नव्हती, मिशी होती, आणि तो हसत होता. हसतानाच काढ. त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, विसरू नकोस.

आणि माणसं सहा होती. सहा काढ.

डोन्या रोमुला, लिब्रादोची बायको, हिला चित्राचं कळलंय. तिला काही विचारायला लिहू नकोस. ती माझ्याशी बोलत नाही.

आत्या एदुविगेस


मेक्सिको शहर,
१९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र छापखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. कंगव्याचं ऐकून यंत्र ओढणारा गडीसुद्धा थांबला. डॉन अन्सेल्मो म्हणाले, “आता हे चित्र झालं.” मी ती शिळा घासून कोरी केली आणि नव्याने सुरुवात केली. उभे आहेत सगळे. भिंत कोठाराची आहे. बाया ताठ आहेत, आणि पहिल्या रांगेत एक आहे तिला मी तुझी हनुवटी दिली आहे.

दोन गोष्टी मात्र अडल्या. तेओफिलोचं हसणं. मी काढलं होतं, पण जो बघतो तो विचारतो, हा का हसतोय? वेडा झालाय का? बंदुका रोखल्यावर माणूस अभिमानाने बघेल, तुच्छतेने बघेल, खळी पडेल असं कसं हसेल? मी ओठांवर थोडं ठेवलंय, तेवढं पुरे.

दुसरं, माणसं. आत्या, ती पाच होती. सरकारी अहवालात पाच नावं आहेत. तुमच्या नगरपालिकेने दगड बसवला त्यावरही पाचच आहेत, अध्यक्ष डॉन प्रिसिलियानो यांनी आम्हाला सहीशिक्क्यानिशी यादी पाठवली. तू त्या दिवशी कुठल्या अवस्थेत असशील ते मला कळतं. मुलगा डोळ्यांदेखत जातो तेव्हा कोणाला मोजता येतंय? कदाचित पाद्री मधे उभे असतील, त्यांना तू धरलंस. मी पाद्री काढतो बाजूला, म्हणजे तुझे सहा होतील.

रागावू नकोस.

नाबोर


सान हेरोनिमो,
११ एप्रिल

नाबोर,

हे पत्र टपालाने नाही, खेचरवाल्याच्या हातून धाडतेय. इथलं टपाल डॉन प्रिसिलियानोच्या जावयाच्या हातात आहे आणि त्याला दुसऱ्याची पत्रं वाचायची खाज आहे. म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तू मात्र सरळ मला वेड्यात काढून मोकळा झालास. मुला, वातींच्या जुडीतली एक कमी असली तर मला न बघता कळतं. पाद्री आणि शिपाई यांतला फरक कळणार नाही होय?

सहावा इलारियोन होता. बादशहाचा शिपाई.

आता नीट वाच. त्या वर्षी त्यांची पलटण गावात उतरली आणि घराघरांत शिपाई वाटून दिले. माझ्या वाट्याला हा आला. दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा, काळासावळा, पुढचे दोन दात फटीचे, एक कान दुमडलेला. जत्रेत नारळ विकत होता, तिथून दोरी बांधून धरून आणला आणि कोट चढवला. आपल्या डोंगरातली थंडी त्याला सोसायची नाही, कोट घालूनच झोपायचा.

मी त्याच्याशी एक शब्द गोड बोलले नाही. हुकूम होता म्हणून खायला घालायचे. घेवडा, भाकरी, मिरचीचं पाणी. ताटली जमिनीवर ठेवायचे, हातात द्यायचे नाही. “बादशहाच्या नोकरा, गिळ,” म्हणायचे. तो “देव तुमचं भलं करो, आई” म्हणायचा. मी म्हणायचे, “मी तुझी आई नाही.” तो म्हणायचा, “बरं, आई.” न सांगता पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. खुंटीवर तेओफिलोची टोपी होती. एकदा त्याने विचारलं ही कोणाची. म्हटलं, “माझ्या मुलाची. त्याला मारायला आलात ना तुम्ही?” त्यानंतर तो त्या टोपीखाली कधी बसला नाही. पाऊस गळायचा तरी दुसऱ्या कोपऱ्यात बसायचा.

मग डोंगरात चकमक झाली, आपले पाचजण हाती लागले, त्यांत आपला सार्जंट तेओफिलोही, आणि सापडेल त्या बंडखोराला गोळी घाला असा बादशहाचा तो काळा हुकूम आलेलाच होता. सकाळी कोठारापाशी उभे केले. बंदुकवाल्यांच्या रांगेत इलारियोन होता. मी त्याला शाप दिला, अगदी मनापासून दिला.

अधिकाऱ्याने तलवार उचलली, तेव्हा इलारियोनने बंदूक खाली ठेवली. फेकली नाही, काच ठेवतात तशी जमिनीवर ठेवली, आणि चालायला लागला. भिंतीकडे.

अधिकारी ओरडला, “ए, कुठे निघालास?”

“तिकडे, साहेब.”

“कशाला?”

“त्या सार्जंटच्या आईच्या हातचं मीठ खाल्लंय मी. मला हे जमायचं नाही.”

अधिकारी लालबुंद झाला. “मग बादशहाचा कोट काढ आधी आणि मग मर.”

इलारियोनने जरा विचार केला आणि म्हणाला, “काढला असता साहेब, पण थंडी फार आहे.”

तेव्हा तेओफिलो हसला. नुसता ओठांनी नाही, मोठ्याने, घरी हसायचा तसा. आणि त्याच हसण्यावर गोळ्या सुटल्या. कळलं आता, का हसत होता ते? माझा मुलगा हसत गेला, आणि हे ज्याच्यामुळे झालं त्याला तू पाद्री करतोस.

त्यांनी पाच प्रेतं दिली. सहावं “फितूर” म्हणून ओढ्यात टाकलं. मी आणि माझ्या दोघी कामकरणींनी ते आणलं, आणि तेओफिलोशेजारी पुरलं, आपल्या जागेत. डोन्या रोमुलाचं माझ्याशी बोलणं तेव्हापासून बंद झालं. ती म्हणते, “माझ्या नवऱ्यावर बंदूक धरलेल्याला तू त्याच्या रांगेत झोपवलंस.” तिचं दुःख खोटं नाही, म्हणून मी भांडत नाही. डॉन प्रिसिलियानो म्हणतो, बादशहाचा माणूस आमच्या दगडावर नको. त्या सकाळी तो स्वतः तळघरात पिंपामागे होता, त्यामुळे त्याने किती मोजले असतील ते तूच ठरव.

त्या दिवशी सकाळी मला एक मुलगा होता. संध्याकाळी दोन मुलगे पुरले. सहा काढ.

आत्या


मेक्सिको शहर,
३० मे

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं हातात काही नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर खडू हातात धरला नाही. मग इलारियोन काढला. भिंतीकडे निघालेला नाही, पोचलेला, तेओफिलोच्या शेजारी. दातांची फट, दुमडलेला कान. तेओफिलोची खळी परत आणली, आणि आता कोणी विचारत नाही तो का हसतोय.

पण डॉन अन्सेल्मो ऐकेनात. वाईट नाहीत ते. बादशहाच्या काळात सहा महिने तुरुंगात होते, पायाला अजून बेडीचा वण आहे. ते म्हणाले, “नाबोर, तुझी आत्या खरं सांगते यावर माझा विश्वास आहे. पण लोक वाचत नाहीत, बघतात. हुतात्म्यांच्या रांगेत बादशाही कोट दिसला, की माझ्या खिडक्या शिल्लक राहणार नाहीत. आणि ज्यांची माणसं त्या कोटवाल्यांनी मारली, त्यांना मी काय सांगू?”

आम्ही पुष्कळ भांडलो. शेवटी मार्ग निघाला आहे. सहावा राहील, पण पांढऱ्या सदऱ्यात. गावातलाच कोणी शेतकरी वाटेल. खाली नावं पाच, चित्रात माणसं सहा, कोणी मोजणार नाही. तू मात्र जाणशील तो कोण ते. नमुना सोबत आहे. मला वाटतं, आत्या, यापेक्षा जास्त मिळायचं नाही. घेऊन टाकू या.

नाबोर


सान हेरोनिमो,
२२ जून

मुला,

नमुना बघितला. सुंदर काढलं आहेस. तेओफिलो बघून मी दार लावून घेतलं आणि त्या दिवशी ओठ चावून धरलं होतं ते सगळं रडून घेतलं. तुझ्या हातात देव आहे.

पण हे घ्यायचं नाही.

पांढऱ्या सदऱ्यातला माणूस कोणीही असेल. आपला एखादा भिंतीपुढे उभा राहिला त्यात नवल काय, त्याला दुसरी जागाच नव्हती. हा त्या बाजूला होता, आत्या. (बघ, भरात तुलाच आत्या म्हणाले.) हा त्या बाजूला उभा होता, हातात भरलेली बंदूक होती, रात्री जेवायला जिवंत राहिला असता. तिथून चालत आला. कोटासकट आला. कोट काढलास की ते पंधरा पावलांचं अंतरच पुसलंस तू. अधिकाऱ्याने सांगूनही त्याने जो काढला नाही, तो तू इतक्या लांबून काढतोस?

आणि तुझे डॉन अन्सेल्मो म्हणतात, ज्यांची माणसं मेली त्यांना काय सांगू. माझं माणूस मेलं. मला विचारा.

कोट घालायचा नसेल तर इलारियोनला काढून टाक. पण मग तेओफिलोलाही काढून टाक. आई म्हणून मला तेवढा हक्क आहे. ते दोघे एकत्र गेले, एकत्र राहतील. चार माणसं छापा आणि लावा गावोगाव. माझा मुलगा घरात आहे, त्याला कचेरीच्या भिंतीची गरज नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. दोन दिवस विचार करून लिहितेय.

आत्या


मेक्सिको शहर,
५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र डॉन अन्सेल्मोंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी केली, आणि म्हणाले, “चौघं छापणारा संपादक मी नाही. आणि कोट छापायची हिंमतही माझ्यात नाही. मला पाचच छापावे लागतील, दुसऱ्या कोणाकडून काढून घेईन.” मी म्हटलं, “मग माझी शिळा मला द्या.” ते म्हणाले, “घेऊन जा. आणि तू परत येशील तेव्हा तुझी जागा रिकामीच असेल.” मी परत जाईन की नाही ठाऊक नाही.

शिळा एकट्याने खांद्यावर नेण्यासारखी नसते. चार हमालांनी ती तिवोली रस्त्यावरच्या एका मित्राच्या छापखान्यात नेली. तो जुगाराचे पत्ते आणि औषधाच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या छापतो. त्याचं यंत्र कुरकुरतं, पण दाब चांगला आहे. पांढरा सदरा मी खरवडून काढला. मग त्या जागी कोट रेखला, बादशाही मुकुटाची बटणं एकेक, मन लावून. आत्या, खरं सांगतो, मेजवानीची आमंत्रणं छापताना तोच मुकुट मी शंभरदा काढला असेल, पण माझा हात इतका स्थिर कधी नव्हता.

खाली सहा नावं आहेत. इलारियोनचं आडनाव नाही, म्हणून ‘इलारियोन, दक्षिण किनाऱ्याचा’ असं घातलं. आणि कोपऱ्यात माझी सही. साप्ताहिकाचं नाव नाही, कोणाचंच नाही, खिडक्या फुटल्या तर माझ्या फुटतील.

गठ्ठा खेचरवाल्याबरोबर येतोय. ऑक्टोबरच्या पुण्यतिथीआधी पोचेल. लाव, जाळ, वाट, तुझ्या मनाला येईल ते कर.

तुझा,
नाबोर


सान हेरोनिमो,
२५ ऑक्टोबर

नाबोर, माझ्या मुला,

सगळं सांगते, सावकाश वाच.

गठ्ठा आला तो तिथीच्या दोन दिवस आधी. डॉन प्रिसिलियानोने कचेरीत डॉन अन्सेल्मोंनी दुसऱ्याकडून काढून घेतलेलं पाचजणांचं चित्र लावलं होतंच, गुडघ्यावरचे, आभाळाकडे हात केलेले. मी खळ केली, आणि तुझं चित्र कोठाराच्या भिंतीवर चिकटवलं, जिथे ते उभे होते तिथेच. गोळ्यांची भोकं अजून आहेत, ती झाकली जाणार नाहीत अशा बेताने.

तासाभरात गाव जमलं. काही म्हणाले फाडा. माझ्या शेजारणीच्या मुलाने तर कोपरा धरलाही. डॉन प्रिसिलियानो आला, म्हणाला, “एदुविगेस, हे काढ. हुतात्म्यांचा अपमान आहे.” मी म्हटलं, “काढ की तू. पण आधी गावाला सांग, तुला यातले किती दिसले होते.” लोक हसले. तो निघून गेला, पण त्याने पोलीस धाडले.

पोलीस यायच्या आधी डोन्या रोमुला आली.

तीन वर्षांत ती माझ्या सावलीतून गेली नव्हती. काळी शाल, काठी. लोकांनी वाट दिली. मला वाटलं, आता ही फाडणार, आणि हिला मी अडवू शकणार नाही. ती चित्रासमोर उभी राहिली. लिब्रादोच्या विंचरलेल्या केसांना तिने बोट लावलं. मग सरकत सरकत इलारियोनपाशी आली, आणि कोटाच्या बटणांकडे बघत राहिली.

मग मला म्हणाली, “तुझ्या भाच्याने चुकीचं काढलंय.”

मी म्हटलं, “काय चुकलं?”

“लिब्रादो सरकला होता. हा आला तेव्हा रांगेत जागा नव्हती. लिब्रादोने तेओफिलोच्या खांद्याला धरून त्याला ओढलं, आणि स्वतः एक पाऊल डावीकडे झाला. म्हणाला, ‘ये.’ मी त्या बाजूला होते, मला ऐकू आलं.” मग म्हणाली, “तीन वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याचा शेवटचा शब्द त्या पोराला गेला, मला नाही, म्हणून मी जळत होते.”

आम्ही दोघी चित्रापुढे उभ्या राहिलो. पोलीस आले, त्यांनी आम्हाला बघितलं, आणि एकाने टोपी काढली. चित्र राहिलं.

तिथीच्या दिवशी दरवर्षीप्रमाणे कोठारासमोर हजेरी झाली. जुना सुभेदार नाव पुकारतो, आणि ज्याचं माणूस असेल तो त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणतो. लिब्रादोला डोन्या रोमुला म्हणाली. तेओफिलोला मी म्हणाले. पाच झाले, सुभेदाराने कागद मिटला. मग त्याने भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं, डॉन प्रिसिलियानोकडे बघितलं नाही, आणि मोठ्याने पुकारलं, “शिपाई इलारियोन.”

त्याचं कोणी नाही इथे. मी तोंड उघडणार, तोच माझ्या शेजारून आवाज आला, खणखणीत, कचेरीपर्यंत जाईल असा.

“हजर.”

डोन्या रोमुला. मान ताठ, काठी जमिनीवर रोवलेली. आणि तिच्यामागून सगळ्या गावाने म्हटलं.

आता तुझं काम. शिळा ठेवली असशील तर दुरुस्त कर. लिब्रादोला एक पाऊल डावीकडे घे, त्याचा हात तेओफिलोच्या खांद्यावर ठेव, आणि तोंड किंचित उघडं काढ, ‘ये’ म्हणताना असतं तसं. मग जेवढ्या निघतील तेवढ्या प्रती काढ. दक्षिणेला जाणारे खेचरवाले त्या मागतायत. किनाऱ्यावर कुठेतरी एक बाई असेल, जिचा मुलगा जत्रेला नारळ घेऊन गेला तो परत आला नाही. तिला वाटत असेल तो बादशहासाठी मेला. तिला चित्र पोचलं पाहिजे.

तुझी आत्या,
एदुविगेस